सामंजस्य कोणाचे?

‘नॅक’च्या स्वयं-अध्ययन अहवालात सामंजस्य करारांची संख्या विचारणारा रकाना आला आणि आपल्या महाविद्यालयांत करारांचे पीक आले. दीपप्रज्वलन होते, शाल-श्रीफळ दिले जाते, प्राचार्य आणि पाहुणे एका फाइलीच्या दोन बाजू धरून छायाचित्रकाराकडे पाहतात. त्या फाइलीत काय लिहिले आहे हे, ज्यांनी संशोधन करायचे त्या अध्यापकांना बहुधा ठाऊक नसते. आम्हांलाही नव्हते. बोलीच्या ध्वनिमुद्रणाचा एक प्रकल्प आमच्या विभागाकडे आला, विद्यार्थी गावोगाव हिंडले, आणि काम संपल्यावर आम्ही त्यावर लेख लिहू लागलो तेव्हा करारातले एक कलम आमच्यापुढे ठेवण्यात आले : सहयोगी संस्थेच्या लेखी अनुमतीवाचून ही सामग्री प्रसिद्ध करता येणार नाही. लेख अद्याप पडून आहे. येथे कोणाचे नाव घेण्यात आम्हांला रस नाही. दोष एका संस्थेचा नसून, न वाचता सही करण्याच्या आपल्या सवयीचा आहे.

हे कलम नवे नाही. सॅन फ्रान्सिस्को येथील कॅलिफोर्निया विद्यापीठात बेटी डाँग या संशोधक होत्या. थायरॉइडवरील ‘सिंथ्रॉइड’ हे महागडे औषध स्वस्त पर्यायांहून खरोखर सरस आहे काय, हे तपासण्यासाठी औषधकंपनीनेच त्यांच्याशी 1987 मध्ये करार केला. निष्कर्ष निघाला तो असा की, तपासलेली चारही औषधे समतुल्य आहेत. शोधनिबंध अमेरिकन वैद्यक संघटनेच्या नियतकालिकाने स्वीकारला, जानेवारी 1995 च्या अंकात तो यायचा होता. पण कंपनीने लेखी अनुमतीच्या कलमावर बोट ठेवले. विद्यापीठाच्या धोरणात अशा अटीला मज्जाव असूनही करारात ती राहून गेली होती, आणि खटला झालाच तर आपण पाठीशी उभे राहणार नाही, असे विद्यापीठाच्या वकिलांनी सांगितले. निबंध मागे घ्यावा लागला. तो प्रसिद्ध झाला एप्रिल 1997 मध्ये. मधल्या काळात रुग्ण महाग औषध विकत घेतच होते.

टोरांटोतील नॅन्सी ऑलिव्हिएरी यांची हकीकत याहून बोलकी आहे. थॅलसेमियाच्या रुग्णांवर एका औषधाची चाचणी करताना त्यांना धोका जाणवला आणि रुग्णांना तो सांगणे त्यांनी कर्तव्य मानले. 1996 मध्ये ‘अपोटेक्स’ कंपनीने चाचण्या थांबवल्या आणि गोपनीयतेचा भंग केल्यास कायदेशीर कारवाई करू, अशी तंबी दिली. त्याच सुमारास टोरांटो विद्यापीठ याच कंपनीशी इमारतीसाठीच्या मोठ्या देणगीची बोलणी करीत होते. कॅनडातील विद्यापीठीय अध्यापकांच्या संघटनेने नेमलेल्या स्वतंत्र समितीने 2001 मध्ये ऑलिव्हिएरी यांची बाजू न्याय्य ठरवली. परंतु मधल्या पाच वर्षांची भरपाई कोणता अहवाल करणार?

येथे कोणी म्हणेल, ही औषधांची आणि कोट्यवधी डॉलरांची जगे. मराठीच्या विभागाशी त्यांचा काय संबंध? हा प्रश्न पंधरा-वीस वर्षांपूर्वी शोभला असता. आज यंत्रांना भाषा शिकवायची तर बोलींचे ध्वनिमुद्रण, शब्दसंग्रह, हस्तलिखितांच्या प्रतिमा हा कच्चा माल झाला आहे, आणि तो आपल्याच कपाटांत व आपल्याच विद्यार्थ्यांच्या पायपिटीत आहे. ज्याला आपण ‘सामग्री’ म्हणतो ती कोणाची तरी वाणी असते. हेमा राईरकर आणि गी पॉइतवाँ यांच्या पुढाकाराने जात्यावरच्या एक लाखाहून अधिक ओव्या जमा झाल्या. आज त्या लोकांसमोर आहेत त्या गाणाऱ्या बायांच्या नावांसह. आमच्या त्या करारात मात्र विद्यापीठ होते, संस्था होती, ‘बौद्धिक संपदा’ होती. बोलणाऱ्या म्हातारीला त्यात जागा नव्हती. प्रताधिकार कायद्यात 1994 च्या दुरुस्तीने आलेला प्रयोगकर्त्याचा अधिकार गाणाऱ्यालाही आहे, हे कराराचा मसुदा लिहिणाऱ्यास ठाऊक असो वा नसो, आम्हां लोकसाहित्य शिकवणाऱ्यांस ठाऊक असायला हवे होते. तेव्हा आम्हीही दोषी आहोत.

शब्दाकडेच पाहा. ‘सामंजस्य’ म्हणजे मेळ, परस्परांच्या म्हणण्याचे यथोचित आकलन. महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ अधिनियम, 2016 ने तर ‘नवोपक्रम, नवसंशोधन व साहचर्य’ यांसाठी स्वतंत्र संचालकाची तरतूद केली. साहचर्य! तर्कशास्त्रात धूर आणि अग्नी यांचे असते ते. परंतु ज्या साहचर्यात एकजण बोलतो आणि दुसऱ्याने गप्प बसायचे असते, त्याला मराठीत वेगळा शब्द आहे : चाकरी.

बाहेरचा पैसा घेऊच नये, असे आमचे म्हणणे नाही. निवृत्तांच्या जागा वर्षानुवर्षे रिकाम्या ठेवणाऱ्या आणि तासिका तत्त्वावर विभाग चालवणाऱ्या व्यवस्थेत असे म्हणणे ढोंगीपणाचे होईल. सहयोगी संस्थेलाही काही न्याय्य मागण्या असतात. एकस्वाचा अर्ज करण्यासाठी तिने दोन-तीन महिन्यांची मुदत मागितली, तर ती द्यावी. पण प्रसिद्धी लांबवणे आणि प्रसिद्धी नाकारणे यांत जे अंतर आहे ते विद्यापीठ आणि कारखाना यांतले अंतर आहे. बर्कली येथील विद्यापीठाने 1998 मध्ये नोव्हार्टिसशी पाच वर्षांचा, अडीच कोटी डॉलरांचा करार केला. एका अख्ख्या विभागाच्या संशोधनासाठी निधी देऊन कंपनीने संशोधन-समितीच्या पाचांपैकी दोन जागा मिळवल्या. त्यावर गदारोळ झाला, बाहेरच्या विद्यापीठाकडून चिकित्सा करवून घेतली गेली, आणि संपूर्ण विभागाला बांधणारे असे करार पुढे टाळावेत, असा सल्ला 2004 मध्ये मिळाला. तिथे निदान भांडण तरी झाले. आपल्याकडे भांडायला कराराची प्रतच मिळत नाही.

म्हणून आमच्या मागण्या साध्या आहेत. सहीपूर्वी मसुदा संबंधित विभागाच्या सभेत वाचला जावा. प्रसिद्धीवर कायमचे नियंत्रण देणारे कलम कोणत्याही अधिकाऱ्याने मान्य करू नये. विद्यार्थ्याचा प्रबंध गोपनीयतेच्या कुलपाखाली जाऊ नये. ज्यांच्याकडून सामग्री घेतली त्यांचे नाव, संमती आणि वाटा करारात लिहिलेला असावा. आणि प्रत्येक करार विद्यापीठाने आपण होऊन प्रकाशित करावा. माहितीचा अधिकार अधिनियम 2005 पासून आहेच. ‘व्यावसायिक गुपित’ ही त्यातील पळवाटही व्यापक सार्वजनिक हितापुढे टिकत नाही. अर्ज करणारे मात्र हवेत.

वर्गात आम्ही संहितेचे सूक्ष्म वाचन शिकवतो. एखाद्या कवितेतील अव्ययावर तासभर बोलतो. मग आपल्याच नावाने केलेल्या बारा पानी संहितेतील ‘अनुमतीवाचून’ हा शब्द आमच्या नजरेतून सुटला कसा? तो सुटला, कारण ती संहिता आम्हांला कोणी दाखवली नाही, हे खरे. पण आम्हीही ती मागितली नाही, हे त्याहून खरे आहे. पुढच्या वेळी छायाचित्र काढले जाण्याआधी आम्ही ती मागणार आहोत. आपणही मागावी.