बालवर्गात जाण्याआधी काय यायला हवे?

कॅलिफोर्निया राज्यात २०२५-२६ च्या शालेय वर्षापासून, १ सप्टेंबरपर्यंत चार वर्षे पूर्ण करणाऱ्या प्रत्येक मुलाला सरकारी शाळेतील ‘ट्रान्झिशनल किंडरगार्टन’ विनामूल्य खुले झाले आहे. २०२१ सालच्या कायद्याची टप्प्याटप्प्याने चाललेली अंमलबजावणी त्यामुळे पुरी झाली. खाजगी बालवाडीचा भरमसाट खर्च सोसणाऱ्या आपल्या कुटुंबांना हा मोठाच दिलासा होय. परंतु चार वर्षांच्या मुलाची शाळेसाठी तयारी म्हणजे नेमके काय?

आपल्याकडे तयारी म्हटली की अक्षरे, आकडे आणि रंगांची नावे. मूल शंभरापर्यंत म्हणून दाखवते याचे आईबापांना कौतुक वाटते, आणि त्यात गैर काही नाही. पण दहा मुलांमागे एक मोठे माणूस असलेल्या वर्गात कस लागतो तो निराळ्याच गोष्टींचा: आपली पाळी येईपर्यंत थांबणे, खेळणे दुसऱ्याला देणे, शू लागली की बाईंना सांगणे, रडू आवरून पुन्हा खेळात मिसळणे.

‘अमेरिकन जर्नल ऑफ पब्लिक हेल्थ’मध्ये २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, किंडरगार्टनमधील ७५३ मुलांच्या मिळून-मिसळून वागण्याविषयी शिक्षकांनी केलेल्या नोंदी त्यांच्या पंचविशीतल्या आयुष्याशी ताडून पाहिल्या गेल्या. ज्यांना त्या वयात अधिक गुण मिळाले होते, त्यांना पुढे पदवी आणि पूर्णवेळ नोकरी मिळण्याचे प्रमाण जास्त आढळले. एकामुळेच दुसरे घडले, असे यावरून सिद्ध होत नाही. तथापि मिशिगनमधील इप्सिलांटी येथे १९६२ साली सुरू झालेल्या पेरी बालवाडीच्या प्रयोगातही मुलांच्या बुद्ध्यंकातील वाढ काही वर्षांत ओसरली; शिक्षण व कमाई यांतला फरक मात्र टिकला.

ही शिकवण घरातच सुरू होते. मूल चिडले की हाती मोबाईल देणे सोपे; पण राग ओळखून तो आवरण्याची संधी त्यात हुकते. आजी-आजोबा भारतातून आले की मूल साडेचार वर्षांचे झाले तरी घास भरवले जातात. माया खरी, पण शाळेत डबा त्यालाच उघडायचा असतो.

इंग्रजीच्या धास्तीने घरची मराठी बंद करण्याचेही कारण नाही. हिरमुसणे, रुसणे, घाबरणे, लाजणे यांची नावे मूल ज्या भाषेत आईच्या तोंडून ऐकते, त्याच भाषेत ते स्वतःचे मन प्रथम ओळखते. इंग्रजी शब्द शाळा देईल. मन सांगण्याची सवय मात्र घरानेच लावायला हवी.