एम.कॉम. झाले, पुढे काय?

कळव्यापासून कल्याण-डोंबिवलीपर्यंत आपल्या वस्त्यांत आता एम.कॉम. झालेली मुले-मुली दिसतात. निकाल लागला की घरात एकच बोलणे : आता नोकरी बघ. मुलगी असली तर, स्थळ बघू. वित्त विषयात पीएच.डी. करायची असे तिने म्हटले की आईबाप गोंधळतात. पैशाचे शास्त्र म्हणजे शेटजींच्या पोरांचा प्रांत, असे त्यांना वाटते.

बंधू-भगिनींनो, हा प्रांत आपल्या बापाचाच आहे. बाबासाहेबांची कोलंबिया विद्यापीठाची पीएच.डी. याच विषयातली. ब्रिटिश हिंदुस्थानात प्रांतांची वित्तव्यवस्था कशी घडली, हे त्यांनी शोधले. १८३३ च्या कायद्याने तिजोरीची किल्ली मध्यवर्ती सरकारकडे गेली. प्रांतांनी खर्चासाठी वर हात पसरायचे. १८७१ पासून त्यांना आधी ठरावीक रक्कम, मग काही करांचे उत्पन्न आणि पुढे करांत वाटा मिळत गेला. पैसा कोण गोळा करतो, खर्च कोण ठरवतो, जाब कोण देतो, हा तो अभ्यास.

ही पदवी सहज मिळाली नाही. १९१३ साली ते अमेरिकेला गेले. बडोद्याच्या शिष्यवृत्तीची मुदत संपल्याने १९१७ साली लंडनचा अभ्यास अर्धा टाकून परतले. सिडनहॅम कॉलेजात प्राध्यापकी करून पैसे साठवले. शाहू महाराजांची मदत आणि मित्र नवल भथेना यांचे कर्ज घेऊन १९२० साली पुन्हा लंडन गाठले. १९२३ मध्ये रुपयाच्या प्रश्नावर तिथली डी.एस्सी. मिळवली. कोलंबियाचा प्रबंध १९२५ साली छापून निघाला, पदवी १९२७ साली मिळाली. चौदा वर्षे! बाबासाहेब परदेशी असताना रमाईने हाल सोसून घर सांभाळले, हे विसरू नये.

आज वाट तेवढी बिकट नाही. पदव्युत्तर परीक्षेत ५५ टक्के गुण लागतात, अनुसूचित जातींना ५ टक्के सूट आहे. नेट किंवा विद्यापीठाची प्रवेश परीक्षा द्यावी लागते. मुदत ३ ते ६ वर्षे, स्त्रियांना आणखी २ वर्षांची सवलत. नोकरी असेल तर कार्यालयाचे ना-हरकत पत्र आणून अर्धवेळ करता येते. जेआरएफ मिळाल्यास २०२३ पासून पहिली २ वर्षे महिना ३७,००० रुपये आहेत. शिवाय अनुसूचित जातींसाठी केंद्राची राष्ट्रीय फेलोशिप आणि पुण्याच्या बार्टीची अधिछात्रवृत्ती आहे. १९९० च्या कायद्याने केंद्राच्या सवलती बौद्धांनाही लागू झाल्या. म्हणून जातीचा दाखला वेळेवर काढा, जाहिरातीवर नजर ठेवा.

विषयासाठी लांब जायला नको. ठाणे किंवा कल्याण-डोंबिवली महापालिकेने अंदाजपत्रकात झोपडपट्टी सुधारणेसाठी किती रक्कम दाखवली आणि खर्च किती झाली? बचत गटातल्या बायकांना कर्ज शेवटी किती व्याजाने पडते? बँक असताना कामगार भिशीकडे का वळतो? हे प्रश्न आपल्या मुलांना पुस्तकाआधी घरातच कळलेले असतात. ते आकड्यांनिशी मांडता आले, तर महापालिकेत नुसते निवेदन देऊन परतायची वेळ येणार नाही.

आईबापांकडे आमचे मागणे थोडेच आहे. एका खोलीच्या घरातही अभ्यासाला एक कोपरा द्या. रात्री टीव्ही लवकर बंद करा. आणि लेकीच्या लग्नाची घाई करू नका. तिचा प्रबंध आधी पुरा होऊ द्या.

जयभीम!