शास्त्रज्ञ शाळेत का जातात, आणि कोणाच्या शाळेत?

28 फेब्रुवारीच्या राष्ट्रीय विज्ञान दिनाच्या आसपास अनेक शास्त्रज्ञ प्रयोगशाळेतले काम बाजूला ठेवून शाळांमध्ये जातात, मुलांशी बोलतात. बहुतेकांना त्याचे मानधन मिळत नाही आणि बढतीच्या वेळी हे काम फारसे मोजलेही जात नाही. तरी ते का जातात?

पुण्याच्या 'आयुका'चे संस्थापक संचालक डॉ. जयंत नारळीकर मे 2025 मध्ये गेले. मुले सही मागायला आली की ते म्हणत, पोस्टकार्डावर प्रश्न लिहून पाठव, उत्तराखाली सही मिळेल. 'आयुका'त महिन्याच्या दुसऱ्या शनिवारी शाळकरी मुलांसाठी व्याख्याने होत. याच नारळीकरांनी डॉ. नरेंद्र दाभोलकरांसोबत 200 मुलांच्या कुंडल्या घेऊन फलज्योतिषाची चाचणी केली होती. ज्योतिषांची भाकिते नाणेफेकीपेक्षा सरस ठरली नाहीत. आमच्या मते ही दोन्ही कामे एकाच ओढीतून आली. प्रश्न विचारण्याची सवय लहानपणी लागली नाही, तर पुढे पदव्या मिळूनही माणूस गंडेदोरे बांधत राहतो, हे शास्त्रज्ञ रोज पाहतात. कालाम सुत्त वाचणाऱ्या आपल्या समाजाला हे वेगळे सांगायला नको.

बाकीची कारणे साधी आहेत. प्रयोगशाळा जनतेच्या पैशावर चालते, त्याचा हिशेब द्यावासा वाटतो. आपल्या विषयाला पुढची पिढी हवी असते. शिवाय सहावीतले मूल "पण हे तुम्हाला कसं कळलं?" असे विचारते, तेव्हा स्वतःलाच पुन्हा तपासून पाहावे लागते.

प्रश्न पुढे आहे. स्वेच्छेने जाणारा माणूस बोलावणे येईल तिथे जातो. बोलावणे ओळखीतून जाते: मुख्याध्यापकांची ओळख, माजी विद्यार्थी, एखादे पालक. जिल्हा परिषदेच्या शाळेत, आश्रमशाळेत, वस्तीजवळच्या महापालिकेच्या शाळेत कोणत्या पालकाकडे शास्त्रज्ञाचा फोन नंबर असतो? सीएसआयआरने 2017 मध्ये 'जिज्ञासा' उपक्रम सुरू केला. उपक्रम चांगलाच, पण त्याची सुरुवातही केंद्रीय विद्यालयांपासून झाली, जिथे प्रामुख्याने केंद्र सरकारी कर्मचाऱ्यांची मुले शिकतात. हेतू वाईट नसतानाही रांग जुनीच राहते.

रोहित वेमुलाला कार्ल सेगनसारखा विज्ञानलेखक व्हायचे होते, हे त्याच्या शेवटच्या पत्रातून सगळ्या देशाला कळले. मेघनाद साहा छोट्या दुकानदाराच्या घरातले. कोलकात्याच्या वसतिगृहात त्यांनाही जातीचे चटके बसले. म्हणजे ताऱ्यांची ओढ आपल्या घरांत नाही, असे कोणी म्हणू नये. देशातल्या नामांकित विज्ञानसंस्थांच्या प्राध्यापकवर्गात मात्र अनुसूचित जाती-जमातींचे प्रमाण राखीव 15 आणि 7.5 टक्क्यांच्या बरेच खाली आहे. वर्गात आलेल्या शास्त्रज्ञाचे आडनाव आपल्यासारखे निघाले, तर मागच्या बाकावरच्या मुलीला जे कळते ते पाठ्यपुस्तकातून कळत नाही.

म्हणून आमचा रोख आपल्याच माणसांकडे आहे. बाबासाहेबांच्या लढ्यातून मिळालेल्या संधीवर शिकून संशोधक, अभियंते, कृषी शास्त्रज्ञ, डॉक्टर झालेली माणसे आज जिल्ह्याजिल्ह्यांत आहेत. काही जण येत नाहीत, कारण कार्यालयात जात उघड झाल्यावर काय सोसावे लागते ते त्यांनी अनुभवलेले असते. त्यांना दोष देणे सोपे आहे. आम्ही देणार नाही. पण बऱ्याच जणांना कोणी बोलावलेलेच नसते, हेही खरे. जयंती मंडळे एप्रिलमध्ये गायक आणि पुढारी शोधत फिरतात. त्याच यादीत एका संशोधकाचे नाव घालायला किती खर्च येईल? डीजेच्या एका रात्रीच्या भाड्याच्या तुलनेत जवळजवळ काहीच नाही.

बोलावताना त्यांना एवढेच सांगावे: मराठीत बोला, यशाची यादी नको. कोणता प्रयोग फसला, किती महिने फसत राहिला, पगार किती मिळतो, गावाकडून इथवर कसे पोचलात, ते सांगा. एखादे उपकरण आणा, मुलांच्या हातात द्या. वीस मिनिटे बोलून झाले की उरलेला वेळ मुलांच्या प्रश्नांसाठी ठेवा, आणि पहिला प्रश्न मुलींच्या बाजूने घ्या. विहारातले सभागृह रविवारी सकाळच्या वंदनेनंतर बहुतेक ठिकाणी रिकामेच असते.