भयाच्या पायऱ्या

खेडोपाडी मुलांना विहिरीत पोहायला शिकवण्याची एक जुनी रीत आहे. मुलाच्या पाठीला सुका भोपळा किंवा पत्र्याचा रिकामा डबा बांधतात, कमरेला दोर असतो आणि पोहता येणारी चार माणसे आधीच पाण्यात उतरलेली असतात. पहिल्या दिवशी मूल पायरीला धरून नुसते पाय मारते. काही दिवसांनी पायरी सुटते, मग दोर सुटतो आणि शेवटी भोपळाही सुटतो. भीती घालवण्याचे शास्त्र या साध्या रीतीत सामावलेले आहे. मात्र तेच मूल मोठे होऊन वाहन चालवायला बसले आणि भीतीने थरथरू लागले, तर त्याच्या वाट्याला भोपळा येत नाही. येतो तो उपहास.

वाहन चालवण्याची भीती ही दुर्मीळ गोष्ट नव्हे. परवाना हाती आला, पण तो वर्षानुवर्षे कपाटातच राहिला, अशी माणसे जवळजवळ प्रत्येक वस्तीत आढळतात. कोणाला एखाद्या अपघाताची आठवण छळते. कोणाला उड्डाणपुलावर, घाटात किंवा बोगद्यात गाडी नेण्याच्या कल्पनेनेच घाम फुटतो. कोणाची भीती अवजड मालमोटार शेजारून गेली की उसळते. अशा वेळी छातीत धडधड होते, हात ओले होतात, श्वास अपुरा पडतो आणि आता आपले काही खरे नाही असे वाटू लागते. गृहिणीच्या बाबतीत या भीतीची किंमत म्हणजे मुलांची शाळा, दवाखाना, बाजार या प्रत्येक कामासाठी दुसऱ्यावर अवलंबून राहणे. टेम्पो चालवून पोट भरणाऱ्याच्या बाबतीत तर ती किंमत म्हणजे रोजची भाकरी होय.

भयाचा असा झटका म्हणजे दुबळेपणा नव्हे. संकटाची चाहूल लागताच शरीर पळण्यासाठी किंवा झुंजण्यासाठी सज्ज होते. रक्तात अ‍ॅड्रेनलीन मिसळते, हृदयाचे ठोके वाढतात आणि श्वास जलद होतो. ही निसर्गाने दिलेली पहारेकऱ्याची हाक आहे. दोष एवढाच, की पहारेकरी कधी कधी चोर नसतानाही ओरडतो. हा झटका बहुधा काही मिनिटांत शिखर गाठतो आणि नंतर आपोआप ओसरू लागतो. पण घाबरलेला माणूस तो ओसरेपर्यंत थांबत नाही. तो गाडीतून उतरतो आणि पुन्हा त्या रस्त्याला जात नाही. पळून गेल्यामुळे क्षणभर सुटल्यासारखे वाटते आणि हीच सुटका घातक ठरते. कारण ‘पळालो म्हणून वाचलो’ असा खोटा धडा मन शिकते. आज महामार्ग टाळला जातो, उद्या चौक आणि परवा घराबाहेरची गल्लीही टाळली जाते. ‘भित्यापाठी ब्रह्मराक्षस’ ही म्हण या दृष्टीने अतिशय मार्मिक आहे. भिणारा जितका पळतो, तितका राक्षस मोठा होत जातो.

समाजाकडे यावर दोन सोपे उपाय तयार असतात. पहिला उपाय धिक्काराचा: ‘तुझ्याच्याने हे व्हायचे नाही’, ‘शेजारची बाई चालवते, मग तुला काय झाले?’ दुसरा उपाय धक्क्याचा: भिणाऱ्याला एकदम गर्दीच्या रस्त्यावर गाडी घेऊन पाठवायचे, म्हणजे भीती आपोआप मोडेल. धिक्काराने भीतीत लाजेची भर पडते. आणि लाजलेला माणूस मदत मागत नाही. धक्क्याने एखाद्याची भीती मोडतही असेल. परंतु पुष्कळांच्या मनात ती अधिकच घट्ट बसते आणि रस्त्यावर तर इतरांचेही प्राण पणाला लागतात.

तिसरा मार्ग फार पूर्वी तपासला गेला आहे. १९२४ साली अमेरिकेतील मानसशास्त्रज्ञ मेरी कव्हर जोन्स यांनी पीटर नावाच्या एका लहान मुलाची हकीकत प्रसिद्ध केली. वयाची तीन वर्षेही पुरी न झालेला हा मुलगा सशाला विलक्षण भीत असे. जोन्स यांनी त्याला सशाची मुळीच भीती नसलेल्या तीन मुलांबरोबर रोज खेळायला आणले आणि ससा हळूहळू त्याच्या जवळ येऊ दिला. भीती कमी होत असतानाच पीटर आजारी पडला. त्या काळात एक मोठा कुत्रा त्याच्या अंगावर आला आणि त्याची भीती पुन्हा मूळपदावर गेली. तरीही प्रयत्न सोडून देण्यात आला नाही. पीटर आवडीचे खाद्य खात असताना पिंजऱ्यातला ससा दूर ठेवायचा आणि दिवसेंदिवस थोडा पुढे आणायचा, असा क्रम सुरू झाला. अखेर ससा पीटरची बोटे कुरतडू लागला, तरी तो आनंदाने खेळत राहिला. पुढे १९५८ साली जोसेफ वोल्पे यांनी आपल्या ग्रंथात भीतीची चढती यादी करून एकेक पायरी सर करण्याची उपचारपद्धती मांडली. पीटरच्या हकीकतीत तीन गोष्टी ठळक दिसतात: पायऱ्या लहान असाव्यात, सोबत निर्भय असावी आणि माघार झाली तर ती शेवट मानू नये.

वाहनाच्या बाबतीत अशी शिडी रचणे अवघड नाही. पहिली पायरी म्हणजे बंद गाडीत चालकाच्या जागी शांतपणे बसणे. दुसरी, इंजिन सुरू करून गाडी जागच्या जागी उभी ठेवणे. त्यानंतर मोकळे मैदान, मग रविवारच्या पहाटेची रिकामी गल्ली, पुढे बाजारपेठेचा रस्ता आणि सर्वांत शेवटी महामार्ग. एका पायरीवर मन स्थिर झाल्याखेरीज पुढची पायरी चढू नये. आणि भीती किंचित वाढली म्हणून लगेच खालीही उतरू नये. रस्त्यावर झटका आलाच तर दिव्याने इशारा द्यावा, वेग कमी करावा, डाव्या कडेला सुरक्षित जागी गाडी थांबवावी आणि श्वास सावकाश सोडत राहावे. लाट ओसरल्यावर शक्य असेल तर थोडे अंतर पुन्हा गाडी चालवावी, म्हणजे पळण्याचा खोटा धडा मनावर उमटत नाही.

आश्चर्य असे, की आपल्या कायद्यानेही हाच मार्ग मान्य केला आहे. शिकाऊ परवान्यानंतर किमान ३० दिवस गेल्याशिवाय पक्क्या परवान्याची चाचणी देता येत नाही. शिकाऊ मोटारचालकाच्या शेजारी परवानाधारक असावा लागतो. प्रशिक्षण शाळेच्या मोटारीत शिक्षकाच्या पायाशीही ब्रेक असतो. ही सारी कायद्याने बांधलेली भोपळ्याचीच रूपे होत. दुर्दैव हे, की परवाना मिळताच समाज हा भोपळा एका झटक्यात काढून घेतो.

सोबतीचे मोल किती असते, हे तमिळनाडूतील पुदुकोट्टई जिल्ह्याने दाखवून दिले. १९९० च्या दशकाच्या प्रारंभी तेथे साक्षरतेची चळवळ उभी राहिली. तत्कालीन जिल्हाधिकारी शीला राणी चुंकत यांच्या पुढाकाराने स्त्रियांना अक्षरांबरोबर सायकलही शिकवण्यात आली. आधी टोमणे ऐकावे लागले. पण शिकलेली स्त्री दुसरीला शिकवू लागली आणि गावोगावच्या हजारो स्त्रिया सायकलवर बसल्या. सायकल आणि मोटार यांत फरक आहे, हे खरे. तरीही एकटीला जे धाडस वाटते, ते चौघींच्या संगतीत नित्याचे होऊन जाते, हा अनुभव दोहोंना सारखाच लागू पडतो. ज्याने स्वतः ही भीती ओलांडली आहे, त्याच्या ‘मलाही असेच होत असे’ या एका वाक्यात उपदेशाच्या दहा पानांपेक्षा अधिक बळ असते. मात्र सोबत्याने आरडाओरडा करू नये, चालत्या गाडीत चुका मोजू नयेत. आणि योग्य वेळ येताच स्वतः खाली उतरावे. जो भोपळा कधीच सुटत नाही, तो पोहणे शिकवत नाही.

भित्र्या माणसाने रस्त्यावर येऊच नये, असा आक्षेप कोणी घेईल. २०२२ या एका वर्षात भारतात रस्ते अपघातांत १,६८,४९१ माणसे मृत्युमुखी पडली. तेव्हा रस्त्याची भीती निराधार नाही, हे मान्य केलेच पाहिजे. पण वेगाला आवर घालणारी, पट्टा बांधायला लावणारी भीती ही सल्लागार असते. हात गोठवणारी भीती ही मालक बनलेली असते. प्रयत्न करायचा तो सल्लागाराला हाकलण्याचा नव्हे, तर मालकाला पुन्हा सल्लागाराच्या जागी बसवण्याचा. जिथे झटके वारंवार येतात किंवा अपघाताच्या आठवणी झोप उडवतात, तिथे मानसोपचारतज्ज्ञाची मदत घेणे हेच शहाणपणाचे होय. शासनाच्या टेलिमानस सेवेशी १४४१६ या क्रमांकावर मराठीतूनही बोलता येते. मनाने गोळ्या घेऊन गाडी चालवणे मात्र सर्वथा वर्ज्य मानावे.

धीट माणूस म्हणजे ज्याला भीती वाटत नाही तो, ही समजूत आता सोडून द्यायला हवी. भीतीसह बंद गाडीत दहा मिनिटे बसून राहणारा माणूसही धीटच असतो. त्याचे धैर्य कोणाला दिसत नाही, इतकेच. अनेक वर्षांनी परीक्षेच्या दालनात पाऊल टाकणाऱ्या प्रौढ विद्यार्थ्याला हे वेगळे सांगावे लागणार नाही. घराघरांतल्या कपाटांत पडून असलेले परवाने बाहेर निघायचे असतील, तर भिणाऱ्याने पहिली पायरी उतरावी आणि पोहता येणाऱ्यांनी काठावर उभे राहून हसण्याऐवजी पाण्यात उतरावे.