दोष अँटीव्हायरसचा की आपल्या घाईचा?

शाळेच्या संगणक-कक्षातला जुना संगणक सुरू व्हायला दहा-दहा मिनिटे घेऊ लागला, की दोन उपाय हमखास सुचवले जातात. अँटीव्हायरस काढून टाका, नाहीतर संगणकच भंगारात द्या. माझ्या मते दोन्ही उपाय म्हणजे निदानाआधीच केलेली शस्त्रक्रिया आहे. विद्यार्थी मित्रांनो, ज्या कक्षात एकच पेनड्राइव्ह दिवसभर सगळ्या संगणकांतून फिरतो, तेथे पहारेकऱ्याला घरी पाठवणे परवडणारे नाही. आणि नवा संगणक कधी मिळेल, हे तुमच्या मुख्याध्यापकांनाच विचारून पाहा!

हा पहारेकरी करतो तरी काय? तुम्ही एखादी फाइल उघडता तेव्हा अँटीव्हायरस ती आधी स्वतः तपासतो, ज्ञात विषाणूंच्या खुणांशी ताडून पाहतो आणि मगच पुढे सोडतो. संगणक सुरू होताना अशा शेकडो-हजारो लहान फाइली उघडल्या जातात. आता जुन्या संगणकातील हार्ड डिस्क ही खरोखरीची फिरती तबकडी असते. ती मिनिटाला ७,२०० फेरे घेत असेल, तर एका फेऱ्याला सुमारे ८.३ मिलिसेकंद लागतात. हवा तो भाग वाचणाऱ्या टोकाखाली येण्यास सरासरी अर्धा फेरा लागतो, म्हणजे ४ मिलिसेकंदांहून थोडे अधिक; आणि ते टोक योग्य जागी सरकण्यास आणखी ८-९ मिलिसेकंद. एकूण झाले सुमारे १३. म्हणजे विखुरलेल्या जागांवरून सेकंदाला जेमतेम ७५ वेळा वाचता येते! ५,००० वेळा वाचायचे तर एका मिनिटाहून अधिक काळ हवा. प्रोसेसर बिचारा तबकडीची वाट पाहत बसलेला असतो. कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप या कळा एकदम दाबून टास्क मॅनेजर उघडा. डिस्कचा आकडा १०० टक्क्यांना चिकटलेला दिसला, तर रोग कोठे आहे ते कळेल. फिरता भाग नसलेली एसएसडी बसवली, की तोच अँटीव्हायरस एकदम हलका वाटू लागतो.

पण तेवढाही खर्च करण्यापूर्वी काही गोष्टी पाहाव्यात. एकाऐवजी दोन अँटीव्हायरस तर नाहीत ना? दोघेही प्रत्येक फाइल तपासू लागले, की ते एकमेकांच्या वाटेत येतात. जुना अँटीव्हायरस अर्धवट काढला असेल, तर त्याचे नाव सुरुवातीच्या यादीत राहते आणि 'फाइल सापडत नाही' असा संदेश रोज येतो. त्याच उत्पादकाचे काढून टाकण्याचे साधन वापरावे. पूर्ण तपासणीची वेळ रात्रीची ठेवली असेल आणि शाळेत रात्री वीज बंद असेल, तर अनेक अँटीव्हायरस चुकलेले काम सकाळी, नेमके तुमच्या तासाला, सुरू करतात!

सर्वांत गमतीचा दोष एका नाण्याएवढ्या बॅटरीचा. मदरबोर्डवरची ३ व्होल्टची सीआर २०३२ बॅटरी संपली, की संगणक बंद असताना त्याचे घड्याळ चालत नाही आणि तारीख कित्येक वर्षे मागे जाते. मग अद्ययावत माहिती देणाऱ्या सर्व्हरचे प्रमाणपत्र त्याला 'अजून सुरूच न झालेले' वाटते, जोडणी नाकारली जाते आणि पडद्यावर अँटीव्हायरसच्या चुकीचा संदेश झळकतो. म्हणून संदेश वाचण्याआधी कोपऱ्यातली तारीख वाचावी.

अँटीव्हायरस कधीच दोषी नसतो असे मात्र नाही. २१ एप्रिल २०१० रोजी मॅकॅफी कंपनीच्या एका सुधारणेने विंडोज एक्सपीमधील 'एसव्हीसीहोस्ट' ही अत्यावश्यक फाइलच विषाणू समजून अडवली. अनेक देशांतील संगणक पुन्हा पुन्हा बंद-चालू होऊ लागले. शिवाय आजचे उत्पादक 'वेग वाढवणारे' म्हणून जी जास्तीची शेपटे जोडतात, ती जुन्या संगणकावर खुशाल बंद करावीत. मुख्य पहारा तेवढा चालू ठेवावा.

शिक्षकांना माझी सूचना अशी, की हे काम तंत्रज्ञाची वाट न पाहता प्रयोग म्हणून वर्गाला द्यावे. बटण दाबल्यापासून काम करता येईपर्यंतचा काळ तीनदा मोजावा व सरासरी काढावी. मग एकच बदल करावा आणि पुन्हा तीनदा मोजावे. दोन बदल एकदम केले, तर गुण कशाचा आला ते कळणार नाही. पुण्याच्या काटकर बंधूंचा 'क्विक हील'ही १९९० च्या दशकात अशाच दुरुस्तीच्या कामातून जन्माला आला, हे जाता जाता सांगतो.

एक मर्यादा मात्र मान्य केली पाहिजे. विंडोज ७ ला कंपनीचा सर्वसाधारण आधार १४ जानेवारी २०२० रोजी आणि विंडोज १० ला १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. प्रणालीतील भोके अँटीव्हायरस बुजवू शकत नाही. अशा संगणकावर हलकी लिनक्स प्रणाली घालावी, किंवा इंटरनेटची तार काढून तो टंकलेखन आणि प्रोग्रॅमिंगच्या सरावासाठी ठेवावा. त्या कामाला तो अजून पुष्कळ वर्षे पुरेल.