घर देताना खटले मोडू नये




२६ डिसेंबर २००४ हा रविवार होता, पवित्र कुटुंबाचा सण. त्याच सकाळी त्सुनामीने निकोबार बेटांवरची किनाऱ्याची गावेच्या गावे धुऊन नेली. कार निकोबारचे बहुतेक लोक ख्रिस्ती. पहिल्या लोकसभेत बसलेले बिशप जॉन रिचर्डसन त्यांच्यातलेच. ते अँग्लिकन, आपण कॅथलिक, पण मदत करताना असा भेद धरायचा नसतो. पुढे अनेक संस्थांचे स्वयंसेवक बेटांवर राबले. त्यांच्या सेवेला माझा नमस्कारच आहे. बोलायचे आहे ते घरांबद्दल.

निकोबारी माणसाचे जुने घर खांबांवर उभे, गोल, गवताने शाकारलेले. वर झोपायचे, खाली सावलीत बसायचे. आणि माणसे राहायची ‘तुहेत’मध्ये. तुहेत म्हणजे आपल्याकडचे जुने खटलेच म्हणा ना! नारळाची झाडे, डुकरे, जमीन सगळे खटल्याचे. मदत मात्र वाटली गेली नवरा, बायको आणि पोरे एवढाच हिशेब धरून. घरेही तशीच. आधी पत्र्याचे निवारे, म्हणजे त्या दमट हवेत भट्टीच. मग पक्की घरे आली, पण सामान मुख्य भूमीवरून जहाजाने आणि बांधणारे हातही बाहेरचे. स्वतःचे घर आणि स्वतःची होडी बांधणारा माणूस बाजूला बसून पाहत राहिला. पैसा भरपूर आला आणि खटली फुटली.

आपल्याला हे दूरचे वाटायला नको. ३० जुलै १९९१ ला पांढुर्ण्यापलीकडच्या मोवाडमध्ये वर्धा नदीच्या पुराने २०४ जीव घेतले. अशा वेळी चिखल उपसायला, भाकरी पोचवायला कोणाला काही विचारावे लागत नाही, धावत जावे. पण घर बांधताना तोच उत्साह पुरत नाही. चूल कुठे, सपरी कोणत्या तोंडाची, बैल कुठे बांधायचा, म्हातारीची खाट कोणत्या लेकाकडे? हे घरच्या बाईला विचारल्याशिवाय कुदळ मारू नये. किल्लारीच्या भूकंपानंतर ५२ गावे नव्या जागी वसली, तिथेही ओळीने आखलेल्या घरांत शेतकऱ्याच्या जनावरांची, अवजारांची अडचण झालीच.

ग्रेट निकोबारची गोष्ट तर अजून संपलेली नाही. तिथल्या निकोबारींना त्सुनामीनंतर कॅम्पबेल बे जवळच्या वसाहतींत आणून ठेवले. आम्हाला आमच्या जुन्या गावी जाऊ द्या, असे ते इतकी वर्षे सांगत आहेत. आता त्याच बेटावर मोठे बंदर, विमानतळ आणि नवे शहर उभे करायचे घाटत आहे. आदिवासी परिषदेने त्यासाठी दिलेली संमती नोव्हेंबर २०२२ मध्ये परत घेतली, कारण त्यांची जुनी गावेही त्यात जाणार हे नंतर कळले. छत दिले म्हणजे पुनर्वसन झाले असे आपण धरून चाललो, त्यांनी कधीच धरले नव्हते.

आमच्या धर्मग्रामातली तरुण पोरे विचारतात, आम्ही काय करावं? त्या बेटांवर पासाशिवाय जाता येत नाही, आणि ते बरोबरच आहे. पण या लोकांना त्यांच्या गावी जाऊ द्या, असे पत्र आपल्या खासदारांना आणि दिल्लीच्या आदिवासी मंत्रालयाला लिहिता येते. नाताळच्या तयारीतला एक रविवार त्याला द्यावा. मोहगावातून जितकी पत्रे निघतील, त्यांच्या टपालाचा खर्च मी देईन.

— एक निवृत्त शिक्षक, मोहगाव