रजा आणि खाडा

दहावी-बारावीचे निकाल लागले की धर्मग्रामातील आईबाप मुलांना घेऊन आमच्याकडे सल्ल्यासाठी येतात. कोणत्या शाखेला घालावे, कोणता अभ्यासक्रम निवडावा, कोठे ओळख उपयोगी पडेल, या प्रश्नांना आम्ही धर्मगुरू सरावलो आहोत. अलीकडे त्यांत एका प्रश्नाची भर पडली असून तो इतर सर्वांच्या पुढे जाऊन बसला आहे. "फादर, त्या नोकरीत सुट्ट्या किती?" शिक्षकाची नोकरी बरी, कारण मे महिना मोकळा. सरकारी कचेरी बरी, कारण शनिवार-रविवार बंद. बोटीची नोकरी त्याहून बरी, कारण सहा महिने काम केले की पुढे काही महिने घरी आराम. लग्नासाठी स्थळ पाहतानाही पगाराच्या पाठोपाठ रजेची चौकशी होते. माणूस कोणते काम करतो, ते कोणाच्या उपयोगी पडते, ते करताना त्याचे मन रमते की नाही, हे मात्र विचारायचे राहून जाते.

विश्रांतीला आमचा विरोध आहे, असा ग्रह कोणी करून घेऊ नये. विरोध करावा तर ज्या देवाची आम्ही सेवा करतो त्याच्याच तिसऱ्या आज्ञेला विरोध करावा लागेल. आमची तक्रार वेगळी आहे. विश्रांती हा कष्ट करणाऱ्या प्रत्येकाचा हक्क असताना आपण तिला काही निवडक नोकऱ्यांचे बक्षीस करून टाकले आहे. ज्याला बक्षीस मिळाले तो सुखी, ज्याला मिळाले नाही त्याचे नशीब, अशी आपली वाटणी झाली आहे. ही वाटणी ख्रिस्ती नाही, असे आम्हांला स्पष्ट सांगावयाचे आहे.

शब्बाथाची आज्ञा बायबलात दोन ठिकाणी येते. निर्गमाच्या ग्रंथात तिचे कारण म्हणून देवाने सातव्या दिवशी घेतलेल्या विसाव्याचा उल्लेख आहे. अनुवादाच्या ग्रंथातील पाचव्या अध्यायात कारण बदलते : तुम्हीही एके काळी इजिप्तमध्ये गुलाम होता, हे विसरू नका, असे लोकांना बजावले आहे. विसावा कोणाकोणाला द्यावयाचा याची यादीच तेथे दिली आहे. घरधनी, त्याचा मुलगा, त्याची मुलगी, दास, दासी, बैल, गाढव आणि वेशीच्या आत राहणारा परका. घरधन्याने झोपाळ्यावर बसून विसावा घ्यावा आणि दासीने जाते ओढत राहावे, अशी सोय या आज्ञेत नाही. दासीला विसावा नाही, तर घरधन्याने शब्बाथ पाळला असे होत नाही.

तरीही ही सोय माणसाने प्रत्येक युगात शोधून काढली. रोमन सम्राट कॉन्स्टन्टाईन याने इ. स. ३२१ मध्ये रविवारच्या विसाव्याचा हुकूम काढला. न्यायाधीश आणि शहरवासी यांनी त्या दिवशी काम थांबवावे, मात्र शेतकऱ्यांनी शेतीची कामे चालू ठेवावीत, अशी त्यात सवलत होती. पेरणीचा हंगाम दवडू नये, हा त्यामागील विचार. विचार व्यवहाराला धरून होता, यात शंका नाही; पण विसावा शहराला आणि घाम शेताला, ही रेघ त्या दिवशी आखली गेली. आपली वाडी, आपली शेती करणारी माणसे आजही त्या रेघेच्या पलीकडेच उभी आहेत.

आपल्याकडे कामगाराला रविवार कोणी मिळवून दिला, हे आपल्यापैकी किती जणांना ठाऊक आहे? आपण ख्रिस्ती, म्हणून रविवार आपल्या घरचा, अशा समजुतीत आपण असतो. मुंबईच्या गिरणीकामगारांना तो मिळाला नारायण मेघाजी लोखंडे यांच्या लढ्यामुळे. लोखंडे हे जोतीराव फुल्यांच्या सत्यशोधक समाजाचे कार्यकर्ते आणि 'दीनबंधू' पत्राचे संपादक. १८८४ साली त्यांनी कामगारांची सभा भरवून आठवड्याच्या सुट्टीची मागणी केली. रविवार हा खंडोबाचा वार, म्हणून कामगाराला तो हवा, असे त्यांचे म्हणणे होते. २४ एप्रिल १८९० च्या सभेला सुमारे दहा हजार कामगार जमले. दोन स्त्री-कामगारांनीही त्या सभेत भाषणे केली. १० जून १८९० रोजी गिरणीमालकांनी रविवारची सुट्टी मान्य केली. त्यानंतर वर्ष उलटण्यापूर्वीच, मे १८९१ मध्ये, तेरावे लिओ पोप यांनी 'रेरुम नोव्हारुम' हे विश्वपत्र प्रसिद्ध करून कामगाराच्या विसाव्याचा हक्क ख्रिस्तसभेच्या वतीने जगापुढे मांडला. खंडोबाचे नाव घेणारा सत्यशोधक आणि रोममधील पोप एकाच गोष्टीसाठी बोलत होते. ती गोष्ट साहेबाच्या रजेची नव्हती. साच्यावर उभ्या असलेल्या हाताची होती.

आता ज्या नोकऱ्यांचा आपल्याला हेवा वाटतो, त्या जरा जवळून पाहू.

शिक्षकाचीच नोकरी घ्या. आपल्या समाजाने महाराष्ट्राला शिक्षक-शिक्षिकांच्या पिढ्या दिल्या, आणि त्याचा आम्हांला अभिमान आहे. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याने पहिली ते पाचवीसाठी वर्षाला किमान २०० आणि सहावी ते आठवीसाठी २२० दिवस शाळा भरली पाहिजे, असे ठरवून दिले. शिक्षकासाठी आठवड्याचे ४५ तास सांगितले आणि त्यांत पाठाच्या तयारीचा वेळही धरला. तयारीचा वेळ ज्याला ओझे वाटत नाही, त्याने खुशाल शिक्षक व्हावे. त्याची मेची सुट्टी वाचनात, नव्या वर्षाच्या विचारात आणि शिणलेल्या गळ्याला आराम देण्यात जाईल, आणि ती त्याची हक्काची आहे. परंतु जो केवळ मे महिन्यावर डोळा ठेवून वर्गात शिरतो, त्याला जून ते एप्रिल हा सुट्टीपूर्वीचा अडथळा वाटतो. त्या अडथळ्याचे नाव असते एखादे मूल, आणि किंमतही तेच मोजते. शिवाय त्याच शाळा-महाविद्यालयांत तासिका तत्त्वावर शिकवणारे तरुण असतात. त्यांना जितके तास तितकेच पैसे. मे महिना त्यांनाही मोकळा मिळतो, पण रिकाम्या खिशाने. एकाच फळ्यापुढे उभ्या राहणाऱ्या दोघांपैकी एकाची ती सुट्टी आणि दुसऱ्याची बेकारी.

बोटीच्या नोकरीविषयी तर मोठाच गैरसमज आहे. घरी आलेला खलाशी नवी मोटारसायकल फिरवतो, सणावारी सढळ हाताने खर्च करतो, एवढेच शेजाऱ्याला दिसते. २००६ च्या सागरी श्रमविषयक आंतरराष्ट्रीय करारात दरमहा किमान अडीच दिवसांची पगारी रजा सांगितली आहे. विश्रांतीची किमान मर्यादा आठवड्याला ७७ तास. आठवड्याचे तास १६८, त्यांतून ७७ वजा करा. राहिलेले ९१ तास त्याला कामावर उभे करता येते. सहा महिन्यांच्या फेरीत सव्वीस रविवार येतात आणि इंजिनरूमच्या गरगराटात निघून जातात. म्हणून तो घरी बसतो ती चैन नव्हे. साठून राहिलेले रविवार तो एकदम वसूल करीत असतो, आणि अनेकांच्या बाबतीत बोटीवरून उतरल्यावर करारही संपलेला असतो. २०२० साली महासाथीत देशांनी सीमा बंद केल्या, तेव्हा जगभरातील सुमारे चार लाख खलाशी मुदत संपल्यावरही बोटींवर अडकून पडले होते. १९२० साली ग्लासगो येथे खलाशांसाठी सुरू झालेले कॅथॉलिक सेवाकार्य आज 'स्टेला मारिस' या नावाने बंदरोबंदरी चालते, ते उगीच नव्हे. मुलाला बोटीवर पाठवावयाचे असेल तर अवश्य पाठवा. पण त्याला सुट्टीचे आमिष दाखवू नका, समुद्राची खरी किंमत सांगा.

सरकारी नोकरीचेही तेच. महाराष्ट्र शासनाने २९ फेब्रुवारी २०२० पासून पाच दिवसांचा आठवडा सुरू केला, तेव्हा रोजच्या वेळेत पाऊण तास वाढवला. हा सौदा होता : दोन दिवस घरी, त्याबदल्यात पाच दिवस मन लावून काम. सौद्याचा पहिला भाग सर्वांच्या तोंडपाठ आहे. दुसरा भाग किती पाळला जातो, हे सातबाऱ्यासाठी तिसऱ्यांदा खेटा घालणाऱ्या म्हाताऱ्याला विचारावे.

या सर्व नोकऱ्यांत निदान रजा हा शब्द तरी आहे. आपल्या घरात एक बाई सकाळी येते, भांडी घासते, लादी पुसते, आजारी आजीचे कपडे बदलते. ती एक दिवस आली नाही, तर आपण काय म्हणतो? 'खाडा' म्हणतो. महिन्याअखेर बोटांवर खाडे मोजतो आणि पगारातून कापतो. घरच्या साहेबाने ताप आला म्हणून दांडी मारली तर ती रजा. बाईंच्या मुलाला ताप आला तर तो खाडा. ताप एकच, पण हिशेबाची वही वेगळी. आपल्या भाषेने केलेला हा भेद आपल्या मनातला आहे, आणि रविवारी मिस्साला पहिल्या बाकावर बसून तो धुतला जात नाही.

कायद्याकडे बोट दाखवून सुटका करून घेता येणार नाही. आंतरराष्ट्रीय श्रमसंघटनेने २०११ साली घरकामगारांसाठी करार केला आणि आठवड्यातून सलग चोवीस तासांची सुट्टी त्यात घातली. भारताने त्याला अद्याप मंजुरी दिलेली नाही. महाराष्ट्रात २००८ च्या अधिनियमाने घरकामगारांसाठी कल्याण मंडळ आले, पण आठवड्याची पगारी सुट्टी आली नाही. जानेवारी २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यांच्यासाठी कायद्याचा विचार करावा, असे केंद्र सरकारला सांगितले. कायदा येईल तेव्हा येवो. तिसऱ्या आज्ञेला राजपत्रात प्रसिद्ध होण्याची गरज नाही.

घरकामाच्या बाईंपलीकडेही मोठी रांग आहे. इमारतीच्या दारातला बारा तासांचा पहारेकरी, पहाटेच्या गाडीने दादरला फुले आणि भाजी नेणारी आपलीच मावशी, खासगी रुग्णालयात रात्रपाळीमागून रात्रपाळी करणारी परिचारिका. कोळी बांधवांना १ जून ते ३१ जुलै अशी मासेमारीची बंदी असते, म्हणजे कागदावर ६१ दिवसांची सुट्टी. माशांच्या विणीसाठी ती आवश्यकच आहे. पण त्या दोन महिन्यांत होडी ओढलेली, जाळे तुणायला काढलेले आणि चूल उसनवारीवर. आणि आपल्या घरातली आई? मुलगा बोटीवरून आला, सून शाळेच्या सुट्टीवर आली, नातवंडे जमली, की तिचे काम दुप्पट होते. सर्वांच्या सुट्टीत जी राबते, तिच्या सुट्टीचा दिवस कोणत्याही दिनदर्शिकेत छापलेला नाही.

दुसऱ्या बाजूने आणखी एक आवाज उठला आहे, आणि त्यालाही उत्तर दिले पाहिजे. ऑक्टोबर २०२३ मध्ये इन्फोसिसचे संस्थापक नारायण मूर्ती यांनी तरुणांनी आठवड्याला ७० तास काम करावे, असे सुचवले. जानेवारी २०२५ मध्ये लार्सन अँड टुब्रोच्या अध्यक्षांचे ९० तासांचे बोल गाजले. रविवारीही कामावर बोलावता येत नाही, याची त्यांना खंत वाटत होती. देश कष्टाने उभा राहतो, हे खरे. पण ज्याचे घर दुसऱ्यांच्या कष्टाने आवरले जाते, ज्याला मोटार दारातून उचलून नेते, त्याचे ९० तास आणि दोन गाड्या बदलून विरारहून चर्चगेटपलीकडे जाणाऱ्या कारकुनाचे ९० तास यांची तुलना होऊ शकत नाही. ज्या रविवारासाठी लोखंडे झगडले, तो परत मागण्याचा अधिकार कोणत्याही अध्यक्षाला नाही.

दुसरे जॉन पॉल पोप यांनी १९८१ साली 'लाबोरेम एक्झर्सेन्स' या विश्वपत्रात आठवड्याच्या विसाव्याबरोबर वर्षातील दीर्घ सुट्टीही श्रमिकाचा हक्क म्हणून मांडली. १९९८ साली 'दिएस दोमिनी' या पत्रात, रविवार केवळ 'वीकएंड' होऊ नये, असा इशारा दिला. दोन्ही शिकवणी एकत्र वाचावयाच्या आहेत. सुट्टी सर्वांना हवी, आणि ती देवासाठी, घरासाठी, शेजाऱ्यासाठी मोकळी हवी. शिकवणी वर्ग, जमिनीचे व्यवहार आणि रिसॉर्टच्या रांगा यांनी ती काठोकाठ भरली, तर मिळूनही ती मिळत नाही.

म्हणून आमच्या तीन मागण्या आहेत, आणि त्या आम्ही संकोच न करता मांडतो. पहिली प्रत्येक कुटुंबाकडे : घरकाम करणाऱ्या बाईंना आठवड्याची एक पगारी सुट्टी, वर्षाला पंधरा दिवसांची रजा, आणि आजारपणात कपात नाही. दुसरी आपल्या संस्थांकडे, म्हणजे धर्मग्रामांकडे, शाळांकडे, रुग्णालयांकडे : स्वयंपाकी, शिपाई, पहारेकरी, तासिकेवरचे शिक्षक यांच्या विसाव्याचा हिशेब वार्षिक अहवालात दिसावा, रविवारी मिस्साची तयारी करणाऱ्या सेवकाला आठवड्यातला दुसरा दिवस मिळावा. तिसरी तरुणांकडे : व्यवसाय निवडताना त्यात काम काय आहे, हे आधी विचारा. आवडीच्या कामाची विश्रांती गोड लागते. नावडत्या कामाची सुट्टी कितीही लांबली तरी रविवारच्या संध्याकाळी पोटात गोळा येतोच.

यासाठी परिषदा भरवावयाच्या नाहीत, ठराव मांडावयाचे नाहीत. येत्या महिन्याचा पगार बाईंच्या हाती देताना खाड्यांची बेरीज करू नका. ज्या दिवशी तिला विसावा मिळेल, त्या दिवशी आपल्या वेशीच्या आत तिसरी आज्ञा पाळली गेली, असे आम्ही वेदीवरून निःशंकपणे सांगू.